खिडकीचा पडदा आणि लहान मूल

यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घर थंड राहावे म्हणून कोणी खिडकीला सुती पडदा लावतो, कोणी वाळ्याची ताटी बांधतो, तर कोणी बांबूच्या चिकाचा पडदा सोडतो. आता काही घरांत दोरी ओढून वर-खाली करायचे तयार पडदेही दिसतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात.

ऊन अडवणे हे पडद्याचे काम आहे. पण घरात लहान मूल असेल, तर पडदा निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे पडद्याची दोरी.

चिकाचा पडदा गुंडाळून वर घेण्यासाठी दोरी असते. काही ब्लाइंडना मण्यांची गोल साखळी असते. लोंबणारी वस्तू ओढायला लहान मुलांना आवडते. खेळता खेळता दोरी गळ्यात अडकते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. त्यामुळे तोल गेला, की त्याला स्वतःची सुटका करता येत नाही. गळा आवळल्यामुळे ओरडताही येत नाही. शेजारच्या खोलीतील आईला काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी एका मिनिटाच्या आतही प्राण जाऊ शकतो.

असे अपघात घडल्यामुळे काही देशांनी नियम केले. अमेरिकेत डिसेंबर 2018 पासून नवे मानक लागू झाले. त्यानुसार दुकानात तयार मिळणारे पडदे बिनदोरीचे असावेत, किंवा त्यांची दोरी मुलांच्या हाती लागू नये.

आपल्याला यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. सळईवर सरकणारा साधा सुती पडदा सर्वांत चांगला. त्याला दोरी नसते, आणि कापूस तर आपल्याच जिल्ह्यात पिकतो. मुलाने ओढली तरी निघणार नाही, अशी सळई पक्की बसवावी. चिकाचा पडदा असेल, तर दोरी मोकळी सोडू नये. जमिनीपासून किमान दीड मीटर उंचीवर खुंटी ठोकावी आणि तिला सगळी दोरी गुंडाळून ठेवावी. मण्यांची साखळी ताणून भिंतीला घट्ट बसवावी. पाळणा, पलंग किंवा खुर्ची खिडकीजवळ ठेवू नये. कारण त्यांवर चढून मूल उंचावरची दोरीही धरते.

आज घरी गेल्यावर प्रत्येक खिडकीजवळ जमिनीवर बसा. आपल्या धाकट्या भावंडाच्या उंचीवरून वर पाहा. एखादी दोरी हाताला लागते का? लागत असेल, तर ती लगेच वर बांधायला घरच्या मोठ्या माणसांना सांगा.