छतावरचं भोक

समुद्रपुरात बॉम्ब बनत नाहीत. कापूस, सोयाबीन, तूर आणि जामच्या चौरस्त्यावरून हैदराबादकडे पळणारे ट्रक, एवढीच या तालुक्याची ओळख. पण नकाशावर समुद्रपुरावर बोट ठेवून चहूकडे पाहिलं, तर गाव दारूगोळ्याच्या मधोमध आहे. उत्तरेला नागपूरची अंबाझरी, ईशान्येला भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, दक्षिणेला भद्रावती. या तिन्ही आयुध निर्माणी 1960च्या दशकात उभ्या राहिल्या. पश्चिमेला पुलगाव. तिथला डेपो त्याहून जुना, दुसऱ्या महायुद्धातला. 14 जुलै 1942ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांना चालतं होण्यास सांगणारा ठराव केला, आणि त्याच महायुद्धाने त्याच जिल्ह्यात दारूगोळ्याचं अवाढव्य भांडार बसवलं. ठराव इतिहासात गेला. भांडार मात्र अजून सात हजार एकरांवर पसरलेलं आहे.

या भूगोलातून बंकरभेदी बॉम्बच्या गेल्या ऐंशी वर्षांकडे पाहिलं, की एक लाडकी समजूत डळमळते. गरज पडली की युद्ध स्वतःच शस्त्र जन्माला घालतं, प्रयोगही रणांगणावरच होतो आणि शांततेत वीस वर्षं रखडणारं काम तिथे वीस दिवसांत उरकतं, अशी ती समजूत. इतर शस्त्रांच्या बाबतीत तीत तथ्य असेल. बंकरभेदी बॉम्बच्या बाबतीत ती जवळपास उलटी करून वाचावी लागते. या बॉम्बचं सगळं कर्तृत्व जमिनीखाली, काँक्रीटच्या आत, डोळ्यांआड घडतं. युद्धात तो टाकता येतो, पण तो नेमका कसा वागला हे युद्धात तपासता येत नाही. प्रयोगाचा निकालच हाती लागत नसेल, तर त्याला प्रयोग कसं म्हणायचं?

आधी त्याचं काम कसं चालतं ते पाहू. विहीर खणणाऱ्याला घण आणि सब्बल यांतला फरक सांगावा लागत नाही. तेवढंच वजन सब्बलीच्या टोकावर एकवटतं आणि ती मुरमात शिरते. भेदक बॉम्बही तसाच लांब, अरुंद आणि जड असतो. त्याचं पोलादी कवच जाड आणि आतली दारू त्या मानाने थोडी. धडकेच्या दणक्याने दारू आधीच उडता कामा नये, कवच फाटता कामा नये, आणि शेपटाकडचा फ्यूज तो धक्का सोसून सेकंदाच्या अगदी लहानशा अंशाने उशिरा पेटला पाहिजे. या तिन्हींतलं एक जरी चुकलं, तरी सब्बलीचा घण होतो.

फेब्रुवारी 1991मध्ये अमेरिकेने इराकविरुद्ध वापरलेला जीबीयू-28 हा घाईच्या दंतकथेचा नायक. हाताशी असलेले दोन हजार पौंडांचे भेदक बॉम्ब बगदादजवळच्या अल ताजी इथल्या खोल बंकरांना पुरेनात, म्हणून जेमतेम काही आठवड्यांत हा नवा बॉम्ब उभा केला गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलीट शस्त्रागारातून आठ इंची हॉवित्झर तोफांच्या जुन्या नळ्या काढल्या आणि त्या आतून कोरून, बाहेरून तासून त्यांचंच कवच केलं. फ्लोरिडातल्या एग्लिन तळावर प्रयोगशाळेबाहेर जमिनीत खड्डा खणला, नळी त्यात उभी केली आणि वितळलेलं ट्रायटोनल, म्हणजे टीएनटी आणि ॲल्युमिनियमचं मिश्रण, बादल्यांनी ओतलं. लग्नाच्या पंगतीत वरण वाढावं तसं! 24 फेब्रुवारीला नेवाडाच्या वाळवंटात एक बॉम्ब टाकून पाहिला. तो इतका खोल रुतला की उकरून काढता आला नाही. 26 फेब्रुवारीला रॉकेटच्या गाड्यावरून दुसरा काँक्रीटवर सोडला, तर 22 फूट फोडून तो पलीकडे निघून गेला. 27च्या रात्री दोन एफ-111 विमानांनी अल ताजीवर एकेक बॉम्ब टाकला. विमानांवर चढवले तेव्हा ते भरणाच्या उष्णतेने अजून कोमट होते, असं सांगतात. एक चुकला, दुसरा लागला, आणि काही तासांत युद्धविराम झाला.

आता या गोष्टीत नवं काय आणि आयतं काय, हे वेगळं काढू. कवच तोफेच्या नळीचं. हजारो गोळ्यांचा दाब सोसण्यासाठी जे पोलाद घडवायला कित्येक दशकं लागली, तेच उचललं. लेझरने दिशा देण्याचं तंत्र व्हिएतनाम युद्धापासून घोटलेलं होतं. ट्रायटोनल जुनंच, आणि रॉकेटच्या गाड्याचा रूळही शांततेच्या काळात टाकलेला. त्या आठवड्यांत झाली ती जोडणी. जोडणीला कौशल्य लागतं हे कबूल, पण तिला शोध म्हणता येत नाही. शिवाय दोन चाचण्यांपैकी एकीतला नमुना जमिनीतच राहिला, म्हणजे कवच शाबूत राहिलं की नाही हे पाहायची सोयच उरली नाही. प्रत्यक्ष हल्ल्यात दोनांपैकी एक लागला. एवढ्याशा पुराव्यावर शांततेत कोणत्याही चाचणी समितीने सही केली नसती.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. युद्ध नसतं तर परवानगीच मिळाली नसती. ब्रिटिश अभियंता बार्न्स वॉलिस दहा टनी, जमिनीत घुसून हादरा देणाऱ्या बॉम्बची कल्पना महायुद्धाच्या सुरुवातीपासून मांडत होता, आणि त्याला दाद मिळाली ती मे 1943मध्ये त्याच्याच दुसऱ्या एका बॉम्बने जर्मन धरणं फोडल्यावर. जून 1944मध्ये त्याच्या पाच टनी टॉलबॉयने फ्रान्समधला सोम्यूरचा रेल्वे बोगदा निकामी केला. दहा टनी ग्रँड स्लॅमची दारू भरून चाचणी 13 मार्च 1945ला झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने बीलेफेल्डचा रेल्वेपूल पाडला. चाचणी आणि वापर यांत एका रात्रीचं अंतर! पण हेही लक्षात घ्यायला हवं की त्या एका रात्रीमागे चार-पाच वर्षांची आकडेमोड होती, आणि ग्रँड स्लॅममध्ये ओतलेली दारू निवून घट्ट व्हायलाच महिनाभर लागे. युद्धाने अडलेल्या फायली हलवल्या. दारू निवायची ती तिच्या वेळेनेच निवली.

खरी साक्ष त्यानंतरची आहे. ब्रेमेनजवळ फार्गे इथे जर्मनांनी वेठबिगारांकडून पाणबुड्यांचा एक प्रचंड बंकर बांधून घेतला होता. त्या कामात हजारो माणसं मेली. 27 मार्च 1945ला दोन ग्रँड स्लॅम त्याच्या साडेचार मीटर जाड छतावर पडले, सुमारे दोन मीटर शिरले आणि तिथेच फुटले. खालचं काँक्रीट ढासळलं, छताला भगदाडं पडली, आणि अपुऱ्या बंकरचं काम जर्मनांनी सोडून दिलं. मग बॉम्ब यशस्वी झालाच की, असं कुणी म्हणेल. झाला, पण भेदून नव्हे. छत पार करायच्या आधीच तो उडाला होता, हे शत्रूने हार पत्करल्यावर आणि छत चढून पाहता आल्यावर कळलं. म्हणूनच 1946मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकनांनी मिळून त्याच फार्गेच्या छतावर पुन्हा बॉम्ब टाकले. ते युद्धासाठी नव्हते, मोजमापासाठी होते. निष्कर्ष असा निघाला की हाताशी असलेल्या बॉम्बांपैकी एकही अशा जाड काँक्रीटला पुरेसा नाही. युद्ध जिंकून झालेलं असताना, जिंकून देणाऱ्या शस्त्राबद्दल असं लिहून ठेवायला प्रामाणिकपणा लागतो.

दुसरा आक्षेप घरचा आहे: 1999चं कारगिल. ऐन युद्धात आपल्या वायुदलाने मिराज विमानांवर स्पॅनिश बनावटीचे अडीचशे किलोचे बॉम्ब बसवले, लक्ष्यावर लेझर धरणारे लायटनिंग पॉड आणि दुसऱ्या बॉम्बांसाठी लेझर किट जुळवले, आणि 24 जूनला टायगर हिलवर नेमका मारा केला. हे कौतुकास्पद आहेच. पण टायगर हिलवर बंकर म्हणजे दगड रचून केलेले सांगर होते, मीटरभर काँक्रीटही नव्हतं. विरळ हवेत बॉम्बची वाट बदलत होती, आणि चार हात चुकलेला बॉम्ब सरळ दरीत जात होता. तिथली अडचण नेमकेपणाची होती, भेदण्याची नव्हती. संपूर्ण मोहिमेत टाकलेले लेझरमार्गदर्शित बॉम्ब जेमतेम नऊ. ही जुळवाजुळव थोड्या दिवसांत जमली, कारण नेम धरला की लागला का, हे पॉडच्या पडद्यावर लगेच दिसतं. जे दिसतं त्यात सुधारणा झटपट होते.

दिसत नाही तिथे काय होतं, ते 26 फेब्रुवारी 2019ला पाकिस्तानातल्या बालाकोटवर आपल्या वायुदलाने केलेल्या हल्ल्यानंतर आपण पाहिलं. भेदक बॉम्ब छतातून आत जाऊन फुटला, म्हणून इमारत उभी दिसते, असं एक बाजू सांगते. इमारत उभी आहे म्हणजे नेम चुकला, असं दुसरी. उपग्रहाचं तेच चित्र दोघांच्या हातात. 22 जून 2025ला अमेरिकेने इराणच्या फोर्दो आणि नतान्झ इथल्या भूमिगत केंद्रांवर 14 जीबीयू-57 टाकले. एकेक बॉम्ब तीस हजार पौंडांचा, आणि फोर्दोचा अभ्यास अमेरिकेत पंधरा वर्षं चालला होता. डोंगरावरची भोकं साऱ्या जगाने पाहिली. आतल्या नुकसानीबद्दल मात्र अमेरिकी यंत्रणांचेच अंदाज एकमेकांशी जुळेनात. त्यानंतर आपल्याकडेही असा बॉम्ब हवा, तोही लगेच, अशी हाकाटी वाहिन्यांवर झाली. हवा असेलही. पण पुण्याच्या पाषाणमधली एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था किंवा चंडीगडजवळचा रॉकेटच्या गाड्याचा चार किलोमीटरचा रूळ यांना 'लगेच' या शब्दाचा फारसा उपयोग नाही. तिथे काँक्रीटमध्ये शिरलेलं कवच परत बाहेर काढता येतं, कापून पाहता येतं, फ्यूज कुठल्या क्षणी जागा झाला हे मोजता येतं. बातमी होण्यासारखं त्यात काही नसतं.

आणि घाईने भरलेलं सगळंच काही टाकलं जात नाही. उरलेलं कुठेतरी ठेवावं लागतं, जुनं झालं की नष्ट करावं लागतं. हा हिशेब पुलगावला कळतो. 31 मे 2016च्या पहाटे डेपोच्या एका गोदामात भडका उडाला. अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मिळून डझनाहून अधिक जण गेले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेलं टीएनटी हे चौकशीत कारण ठरलं. हे सुरुंग होते, बंकरभेदी बॉम्ब नव्हेत, हे खरं, पण कवचात ओतलेली दारू कवचातच राहिली पाहिजे हा नियम दोघांना एकच. 20 नोव्हेंबर 2018ला पुलगाव परिसरातल्याच सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. त्यांत रोजंदारीवर आलेले आसपासच्या गावांतले मजूरही होते. त्या मैदानावर खड्डे खणून, दारूगोळा पुरून, वर माती लोटून तो उडवतात. नंतर तिथे विखुरलेल्या धातूला भंगारात भाव येतो, म्हणून गावातली माणसं त्या मातीत पुन्हा जातात.