परिषद कोठे भरते?

ज्ञानाला जात नसते, असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. नसेलही. परंतु ज्ञानाची चर्चा ज्या सभागृहात होते त्याला पत्ता असतो, आणि तेथे पोहोचायला पासपोर्ट, व्हिसा व विमानाचे भाडे लागते. म्हणून आंतरराष्ट्रीय परिषद कोठे भरते, हा प्रश्न मी केवळ सोयीचा मानीत नाही. तो प्रवेशाच्या हक्काचा प्रश्न आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे उदाहरण घेऊ. या शास्त्रात संशोधकाने निबंध पाठवायचा, परीक्षकांनी लेखकाचे नाव न पाहता तो तपासायचा आणि निवड झाली की परिषदेत जाऊन तो मांडायचा, अशी रीत आहे. ओळखी, नोकऱ्या, सहकार्य तेथेच जुळते. या मोठ्या परिषदा वर्षानुवर्षे प्रामुख्याने उत्तर अमेरिका व युरोपातच भरत आल्या. २०१८ साली मॉन्ट्रियलला व २०१९ साली व्हँकुव्हरला 'न्यूरिप्स' ही परिषद भरली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला. हे लोक मायदेशी परततील याची खात्री नाही, असे कारण दिले गेले. म्हणजे निबंध आत चालतो, माणूस चालत नाही. देवळाचे दगड घडवणाऱ्याला देवळाबाहेर ठेवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला हा न्याय नवा नाही.

याने बिघडते काय? २०१८ सालीच जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ठरवणाऱ्या तीन कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण फार तर ०.८ टक्के होते. गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. जे चेहरे यंत्राला शिकवलेच नाहीत ते यंत्राला ओळखू येत नाहीत. आणि काय शिकवायचे हे सभागृहात बसलेलेच ठरवतात. ही उणीव दाखवणाऱ्या दोघीही कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, हा योगायोग नव्हे.

अशा टीकेनंतर 'आयसीएलआर' या परिषदेने २०२० चे अधिवेशन इथिओपियात, आदिस अबाबाला घेण्याचे ठरवले. समलिंगी संबंध हा तेथे गुन्हा असल्याने काही संशोधकांनी भीती व्यक्त केली, आणि ती रास्तच होती. एकाला दार उघडताना दुसऱ्याला लागणारे दार नजरेआड करता येत नाही. पुढे कोरोनाच्या साथीमुळे ते अधिवेशन संगणकाच्या पडद्यावरच झाले. अखेर मे २०२३ मध्ये परिषद रवांडातील किगालीला भरली. रवांडाने २०१८ पासून सर्व देशांच्या नागरिकांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देण्याची सोय केली होती. दाराचा नियम बदलता येतो, तो निसर्गनियम नव्हे, हे यातून दिसते.

परंतु एका वर्षाच्या पाहुणचाराने समता येत नाही. पुढच्याच वर्षी परिषद व्हिएन्नाला गेली. परीक्षक कोण, अध्यक्ष कोण, प्रवासखर्चाची मदत कोणाला, हे प्रश्न स्थळ बदलल्याने आपोआप सुटत नाहीत.

आफ्रिकेतील तरुण मात्र निमंत्रणाची वाट पाहत बसले नव्हते. २०१७ साली जोहान्सबर्गला त्यांनी 'डीप लर्निंग इंडाबा' ही स्वतःची सभा सुरू केली. 'इंडाबा' हा झुलू शब्द. विचारविनिमयासाठी भरलेली बैठक असा त्याचा अर्थ. आफ्रिकी भाषांसाठी यंत्रभाषांतराचे काम करणारा 'मासाखाने' हा गटही अशाच स्वावलंबनातून उभा राहिला. मला यात आपलाच इतिहास दिसतो. प्रस्थापितांच्या साहित्यात आपले जगणे दिसत नव्हते म्हणून १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले.

स्वतःची सभा उभारणे आणि सर्वांच्या सभेत हक्काने शिरणे, ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात. पहिल्याने आत्मविश्वास येतो, दुसऱ्याने सत्तेत वाटा मिळतो. आपल्या विद्यार्थ्यांनी म्हणून कोणत्याही परिषदेचे पत्रक हाती आले की विषयाच्या आधी दोन गोष्टी वाचाव्यात: ती कोठे भरते आहे आणि तेथवर जाण्याचा खर्च कोण देणार आहे.