झटका नव्हे, लाट

'हृदयविकाराचा झटका' या शब्दातला झटका फसवा आहे. झटका म्हटलं की क्षणात कारभार आटोपला असं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांची समजूतही फार वेगळी नव्हती. हृदयाची धमनी गुठळीने एकाएकी बंद झाली तरी रोगी लगेच दगावतोच असं नाही, हे शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१२ साली लिहिलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढची कित्येक वर्षं उपचार म्हणजे सहा-सहा आठवडे बिछाना. स्नायू मेला तो मेला. आता व्रण भरेपर्यंत हलायचं नाही!

खरंच 'मेला तो मेला' असतं का, हे रॉबर्ट जेनिंग्ज या विकृतिशास्त्रज्ञाने तपासायला घेतलं. कुत्र्याच्या हृदयधमनीला चिमटा लावायचा, ठरावीक मिनिटांनी सोडायचा आणि नंतर स्नायूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. १९६० साली त्याने दाखवलं की चिमटा वीसेक मिनिटांच्या आत सुटला तर पेशी सावरतात; त्यापुढे दगावू लागतात. रक्त तुटल्यावर पेशी मिनिटभरात आकुंचन थांबवते, पण मरत नाही. साठवलेल्या ग्लायकोजेनवर कशीबशी तग धरते. मग आम्ल साचतं, एटीपी हे पेशीचं इंधन आटतं, सोडियम बाहेर फेकणारे पंप थकतात, पेशी फुगते आणि शेवटी तिचं आवरण फाटतं. आज छातीत दुखतंय म्हणून आलेल्या रोग्याच्या रक्तात जे ट्रोपोनिन शोधतात, ते अशाच पेशींतून सांडलेलं असतं.

१९७७ साली ड्यूक विद्यापीठात जेनिंग्ज आणि कीथ राइमर यांनी या मरणाची दिशाही दाखवली. मरण हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरातून सुरू होतं, कारण तिथे दाब जास्त आणि मोठ्या धमन्या लांब. मग लाटेसारखं बाहेरच्या थराकडे सरकतं. धमनी ४० मिनिटांनी उघडली तर धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सरासरी ३८ टक्के मेलेला, ३ तासांनी ५७, ६ तासांनी ७१. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा तक्ता हाच. त्यासाठी जीव दिला तो कुत्र्यांनी, ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही.

पण गुठळी हे झटक्याचं कारण की परिणाम, यावर अजून वाद होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेनच्या डेवुड आणि सहकाऱ्यांनी पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी केलेल्या १२६ रोग्यांपैकी ११० जणांची धमनी ठार बंद असल्याचं दाखवलं, आणि वाद मिटल्यातच जमा झाला. १९८६ मध्ये इटलीतल्या ११ हजारांहून अधिक रोग्यांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेजने गुठळी विरघळवून जीव वाचतात हे सिद्ध झालं. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुढे अँजिओप्लास्टी आणि स्टेंट घरोघरी माहीत झाले.

मात्र धमनी उघडली की सुटलो, असंही नाही. परतलेलं रक्तच काही पेशींचा घात करतं. कॅल्शियमचा लोंढा आत शिरतो, तंतुकणिकांची (मायटोकॉन्ड्रियांची) छिद्रं उघडतात, अर्धमेली पेशी आकसून फाटते. हा घात रोखायला सायक्लोस्पोरिन वापरून पाहिलं. २००८ मध्ये ५८ रोग्यांत आशा दिसली; २०१५ मध्ये ९७० रोग्यांच्या चाचणीत ती मावळली. प्रयोगशाळेत चमकलेली अशी औषधं रोग्याच्या खाटेशी येऊन एकामागून एक विझत गेली. दरम्यान पेशीमरणाच्या नावांची यादी मात्र वाढली: अपोप्टोसिस, नेक्रोप्टोसिस, फेरोप्टोसिस. मेलेल्यांची जागा नव्या पेशी भरून काढतील, ही आशाही तोकडीच. अणुचाचण्यांनी हवेत सोडलेल्या कार्बन-१४ वरून २००९ साली हृदयाच्या पेशींच्या वयाचा हिशेब निघाला, तो असा: पंचविशीत वर्षाला एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

म्हणजे एवढ्या वर्षांत स्नायू वाचवला तो मुख्यतः घड्याळाने. भारतातल्या ५० शहरांमधल्या वीस हजारांवर रोग्यांची नोंद २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला त्यांपैकी निम्म्या जणांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते. माणसाचं हृदय म्हणजे कुत्र्याचं हृदय नव्हे, हे मान्य. तरी 'ॲसिडिटी असेल, सकाळी बघू' असं मनात आलं तर १९७७ च्या तक्त्यातली सहा तासांची ओळ पुन्हा वाचा आणि १०८ लावा.