शेरा आणि चित्रफीत : विद्यार्थ्यांच्या पर्यावरणपटांविषयी काही गैरसमज

विद्यार्थ्यांनी पर्यावरणावर केलेली चित्रफीत पाहून झाली, की टाळ्या वाजवाव्यात, ‘स्तुत्य उपक्रम’ असा शेरा मारावा, मुलांच्या हाती प्रशस्तिपत्रक द्यावे आणि पुढच्या फितीकडे वळावे, म्हणजे परीक्षकाचे कर्तव्य यथासांग पार पडले, अशी समजूत आपल्या शाळा-महाविद्यालयांत बरीच दृढमूल झालेली दिसते. सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय हळूहळू शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीचा झाला, त्याच्याबरोबर प्रकल्पही आला, आणि ज्या प्रकल्पासाठी पूर्वी कात्रणे डकवलेली वही सादर होत असे त्यासाठी आता भ्रमणध्वनीवर टिपलेली तीन-चार मिनिटांची फीत सादर होऊ लागली. साधन पालटले, परंतु शेरा मात्र वहीच्या काळचाच राहिला.

या शेऱ्याच्या मुळाशी असलेला पहिला गैरसमज असा, की स्तुतीने मुलांची उमेद वाढते आणि दोषदर्शनाने ती खचते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांना ‘तू फार हुशार आहेस’ असे सांगण्यात आले ती मुले पुढे सोपी कामे निवडू लागली आणि एकदा अपयश आल्यावर लवकर हातपाय गाळू लागली. ज्यांच्या परिश्रमांची दखल घेतली गेली त्यांची चिकाटी तुलनेने अधिक टिकली. त्याच्या दोन वर्षे आधी क्लूगर आणि डेनिसी यांनी अभिप्रायावरील पूर्वीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा सरासरीने अभिप्राय उपकारक ठरतो हे दिसले खरे; पण एक-तृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्रायामुळे काम सुधारण्याऐवजी बिघडले होते, हेही त्याबरोबरच दिसले. शेरा जितका कामावरून सरकून करणाऱ्याच्या व्यक्तित्वाकडे वळतो तितका तो निष्फळ होत जातो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. ‘काहीतरी बोललो म्हणजे थोडाफार फायदा होणारच’ या भाबड्या हिशेबाला त्यामुळे आधार उरत नाही. आरंभी स्तुती, मध्ये दोष आणि शेवटी पुन्हा स्तुती अशी जी युक्ती प्रशिक्षणवर्गांत शिकविली जाते, तिचीही गत फारशी निराळी नाही. मुले हुशार असतात, ती पहिल्या वाक्यापासूनच ‘पण’ची वाट पाहू लागतात.

गुणांविषयीची समजूत याहून चिवट आहे. गुण दिले आणि सोबत सविस्तर शेरा लिहिला, म्हणजे दुहेरी लाभ झाला, असे कोणासही वाटेल. इस्रायलमधील रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र वेगळेच सांगतो. त्यात काही विद्यार्थ्यांना केवळ शेरा, काहींना केवळ गुण आणि काहींना दोन्ही देण्यात आले; कामगिरी आणि गोडी टिकली ती केवळ शेरा मिळालेल्यांची, आणि दोन्ही मिळालेल्यांची स्थिती साधारणतः केवळ गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की नजर आकड्यावर खिळते आणि खालच्या चार ओळी वाचावयाच्या राहून जातात, हे शिक्षकी पेशातील कोणासही नवे वाटू नये. गुण देणे शिक्षकाला चुकत नाही, हे मान्यच आहे. तथापि ते नोंदवहीत ठेवून, मुलांनी फितीची फेरजुळणी केल्यानंतरच जाहीर करावेत, याला कोणत्याही परिपत्रकाची आडकाठी नसावी.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘हेतू चांगला आहे ना, मग तपशिलाची चिकित्सा कशाला?’ हा प्रश्न पर्यावरणाच्या बाबतीत फार सहजपणे विचारला जातो, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हानी याच प्रश्नाने केली आहे. भूमितीच्या वहीतील चुकीची सिद्धता आपण खपवून घेत नाही. परंतु फितीत एखादे मूल गंभीर आवाजात सांगू लागले, की ॲमेझॉनचे अरण्य जगाला वीस टक्के प्राणवायू पुरविते, तर आपण माना डोलावतो. वस्तुतः ते अरण्य जेवढा प्राणवायू निर्माण करते जवळजवळ तेवढाच तेथील वृक्षांच्या श्वसनात आणि पालापाचोळ्याच्या कुजण्यात खर्च होतो, आणि वातावरणात आज जो सुमारे एकवीस टक्के प्राणवायू आहे तो भूगर्भीय युगायुगांचा संचय आहे. ॲमेझॉनचे महत्त्व कार्बनचा साठा, पर्जन्य आणि जीववैविध्य यांत आहे, आणि ते एवढे आहे की त्याला खोट्या आकड्याचा टेकू लागत नाही. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रामुळे पृथ्वी तापते, हे विधानही असेच वर्षानुवर्षे फितीफितींतून फिरत असते. ते छिद्र मुख्यतः क्लोरोफ्लुरोकार्बनसारख्या वायूंमुळे पडले, 1987 च्या माँट्रियल करारानंतर त्यांना आवर बसला, आणि तापमानवाढीचे प्रमुख कारण कार्बन डायऑक्साइडसारखे उष्णता धरून ठेवणारे वायू हे आहे. चिमणीचेही तसेच. मोबाईलच्या मनोऱ्यांनी चिमण्या नामशेष केल्या असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही, की देशभरातील पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर आधारलेल्या 2020 च्या अहवालात भारतातील चिमण्यांची एकूण संख्या बरीचशी स्थिर आढळली, घट दिसली ती मोठ्या शहरांत, आणि मनोऱ्यांवरील आरोप सिद्ध झालेला नाही.

मुलांनाच का दोष द्यावा? 2017 साली हाडांचा सापळा झालेल्या एका ध्रुवीय अस्वलाची फीत जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिली. नॅशनल जिऑग्राफिकने तिच्यावर हवामानबदल असाच दिसतो, अशा आशयाची ओळ घातली होती. पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने कबूल केले, की ते एक अस्वल नेमके कशाने खंगले हे छायाचित्रकारांना ठाऊक नव्हते आणि ओळ मर्यादेबाहेर गेली होती. चित्र खरे होते. दावा मात्र चित्राच्या पुराव्यापेक्षा मोठा होता, आणि विद्यार्थ्यांच्या फितीतही दहापैकी नऊ वेळा दोष नेमका येथेच असतो, असे मला वाटते. म्हणून फीत पाहताना पहिला प्रश्न ‘चित्र सुंदर आहे काय’ हा नसावा. ‘हे जे वाक्य ऐकू येते आहे, त्याचा दाखला या चित्रात आहे काय, आणि नसेल तर तो कोठे आहे’ हा असावा.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. आपल्याकडे भाद्रपदाच्या सुमारास विसर्जनावर डझनावारी फिती तयार होतात. समजा, अशा एका फितीत घाटाच्या पायरीवर अर्धवट भंगलेली मूर्ती दिसते आणि निवेदक म्हणतो : ‘प्लास्टर ऑफ पॅरिस हे विष आहे, ते पाण्यात कधीच विरघळत नाही, आणि सरकारने त्यावर पूर्ण बंदी घातली आहे, म्हणून शाडूची मूर्ती आणा, नदी वाचवा.’ एका परीक्षकाने यावर लिहिले, ‘विषय उत्तम, मांडणी प्रभावी.’ दुसऱ्याने लिहिले, ‘माहिती चुकीची आहे.’ दोन्ही शेरे सारखेच निरुपयोगी. कारण ते वाचून मुलगा उद्या सकाळी नेमके काय बदलणार? उपयोगी शेरा काहीसा असा असेल : ‘1 मिनिट 40 सेकंदांवरील वाक्यात तीन विधाने आहेत. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात जिप्सम होऊन बसते आणि अत्यंत सावकाश विरघळते, म्हणून “कधीच नाही” हा शब्दप्रयोग तपासा. विषारीपणाचा मोठा वाटा रंगांतील शिसे, पारा यांसारख्या धातूंचा असतो. शाडूच्या मूर्तीवर तेच रंग दिले तर काय होईल? आणि बंदीची सद्यःस्थिती कोणत्या तारखेची आहे, ते पडद्यावर लिहा.’ या शेवटच्या सूचनेला कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 च्या मे महिन्यात सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि 2025 च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा देऊन निर्बंध मुख्यत्वे नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर ठेवले. सबब ‘पूर्ण बंदी’ हे वाक्य एका वर्षी खरे आणि दुसऱ्या वर्षी खोटे ठरू शकते. एवढे लिहिल्यावर एखादी वाटही दाखविता येते : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची रीत सुचविली, तिच्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट मिळते, आणि पुण्यात काही वर्षे नागरिकांना ही भुकटी वाटण्यातही आली. घराच्या गच्चीवर एका बादलीत हा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली चित्रित करणे, घाटावरच्या भंगलेल्या मूर्तीवर करुण संगीत वाजविण्यापेक्षा कितीतरी रोचक होईल.

माळरानाची फीत हा असाच दुसरा प्रकार. सोलापूर, सुपे, बारामतीकडच्या भुऱ्या जमिनीवरून कॅमेरा फिरतो, ‘मानवाने ओसाड केलेली धरती’ असे निवेदन येते, आणि शेवटी गणवेशातील मुले ग्लिरिसिडियाची रोपे लावतात. नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि सुप्याजवळचे चिंकारांसाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य याच ‘ओसाड’ भूमीवर आहेत, लांडगाही याच गवतावर जगतो, आणि ग्लिरिसिडिया हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेचा आहे, ही माहिती मुलांना कोणी दिलेली नसते. येथे ‘चूक’ असा शिक्का मारून भागणार नाही, कारण मुलांनी स्वतः श्रम केलेले असतात आणि वृक्षारोपण वाईट असते असा भलताच निष्कर्ष ती काढतील. त्यांना एवढेच सुचवावे, की ही दृश्ये चैत्रातली आहेत. आता आषाढात त्याच जागी, त्याच कोनातून पुन्हा एकदा चित्रीकरण करा, आणि तेथे मेंढ्या चारणाऱ्या धनगराला विचारा की त्याच्या लेखी ही जमीन ओसाड आहे काय. मग फितीचा शेवट बहुधा मुलेच बदलतील.

‘आम्हाला चित्रपटातले काय कळते?’ असे म्हणून अनेक शिक्षक अंग काढून घेतात. चित्रणाच्या बारकाव्यांसाठी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची पदवी लागते, हाही गैरसमजच. वाऱ्याच्या घोंघावण्यात निवेदन ऐकू येत नाही, पार्श्वसंगीताने मुलाखत बुडविली, तीन मिनिटांच्या फितीतील अर्धे मिनिट प्राचार्यांपासून शिपायांपर्यंतच्या नामावळीत गेले, एवढे कोणाही सुजाण प्रेक्षकाला कळते, आणि त्याने ते सांगितलेच पाहिजे. याहून गंभीर बाब उसन्या आणि बनावट दृश्यांची. आंतरजालावरून घेतलेले परदेशातील वणव्याचे दृश्य सह्याद्रीतले म्हणून खपविणे, अथवा किनाऱ्यावर कचरा पुरेसा नव्हता म्हणून तो आणून पसरणे आणि मग उचलणे, हा मोह मोठमोठ्यांनाही आवरलेला नाही. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या 1958 च्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करताना दाखविले आहेत. त्या पटाला ऑस्कर मिळाले, आणि कॅनडाच्या दूरचित्रवाणीने 1982 मध्ये उघडकीस आणले, की ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणून, फिरत्या तबकडीवर पळवून, कड्यावरून खाली लोटले होते. लेमिंग आत्महत्या करतात ही लोकसमजूत आजही त्या पटाच्या बळावर जिवंत आहे. आठवी-नववीच्या मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी. दृश्याखाली स्थळ, दिनांक आणि ते कोणी टिपले हे लिहिण्याची शिस्त त्यानंतर निराळी शिकवावी लागत नाही.

दोष दिसू लागले म्हणजे ते सगळेच सांगून टाकावेत, असा उत्साहही काहींना असतो. वीस सूचनांची यादी हाती पडलेला मुलगा पहिली दुरुस्ती शुद्धलेखनाची करतो, कारण ती सर्वांत सोपी असते, आणि मूळ चुकीचे विधान तसेच राहते. दोन किंवा तीन सूचना पुरेत. त्यांत दाव्याचा क्रम पहिला, पुराव्याच्या दृश्याचा दुसरा, आवाजाचा तिसरा. वेलांटी मागाहून पाहता येईल.

काळाचे भान तर बहुतेक ठिकाणी सुटलेलेच असते. बक्षीससमारंभात, पाहुण्यांच्या भाषणानंतर आणि चहापूर्वी दिला जाणारा अभिप्राय कितीही मार्मिक असला तरी तो मृत्युलेखासारखा असतो. ज्याच्याविषयी बोलायचे त्यात आता काही बदल होणे नाही. संहिता कागदावर असताना एकदा आणि कच्ची जुळणी झाल्यावर एकदा, असे दोन वेळा बोलले तर खर्च काहीच नाही : कागदावरचे वाक्य खोडायला क्षण लागतो, चित्रित झालेले वाक्य बदलायला पुन्हा नदीवर जावे लागते. ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी 1989 मध्ये मांडले, की चांगले काम कशाला म्हणतात हे विद्यार्थ्याला आधी उमगले पाहिजे, आपले काम त्याच्याशी ताडून पाहता आले पाहिजे आणि मधले अंतर तोडण्याची संधी मिळाली पाहिजे. समारंभातल्या शेऱ्याने यांतले तिसरे तर कधीच साधत नाही. पहिली दोन साधण्यासाठी कच्च्या फिती वर्गातच परस्परांना दाखवाव्यात. ‘बाई, त्यांच्या फितीत कारखान्याचे नाव घेतलेय, पण सांडपाणी त्याच कारखान्याचे कशावरून?’ असा प्रश्न शेजारच्या बाकावरून आला, की तो शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा अधिक झोंबतो आणि अधिक कामाचाही ठरतो.

राहता राहिला एक परीक्षक, ज्याला बोलावण्याचे कोणाच्या मनात येत नाही. फितीत ज्यांची मुखे दिसतात आणि ज्यांच्या धंद्यावर ठपका ठेवलेला असतो, त्यांना कच्ची फीत दाखविणे हा निव्वळ शिष्टाचाराचा भाग आहे, असे मानले जाते. पेणच्या एखाद्या मूर्तिकाराला ती दाखवून पाहावी. आपले चित्रण वापरू द्यायचे की नाही हे तर तो सांगेलच. शिवाय शाडू वाळायला किती दिवस लागतात, पावसाळ्यात त्या मूर्तीला तडे का जातात, मोठी मूर्ती शाडूची का परवडत नाही आणि मंडळे कोणत्या महिन्यात मागणी नोंदवितात, हेही तो सांगेल, आणि यांतली एकही गोष्ट मुलांच्या संहितेत बहुधा नसेल.