दुपारचा नेम संध्याकाळी का चुकतो?

चेंडू मारून लगोरी फोडायची आणि समोरच्या गड्यांनी टिपायच्या आत ती पुन्हा रचायची, हे आपल्याकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. यंत्राला शिकवायचं तर महिनेच्या महिने जातात. २०२२ साली नवी दिल्लीत झालेल्या ‘एबीयू रोबोकॉन’ या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत लगोरीचाच डाव मांडला होता. एकावर एक अशा पाच चकत्या. एका रोबोनं चेंडू फेकून त्या पाडायच्या, त्याच्या जोडीदारानं पुन्हा रचायच्या आणि प्रतिस्पर्ध्यानं त्या जोडीदाराच्या डोक्यावरचा चेंडू उडवायचा.

या स्पर्धेचं मूळ जपानमध्ये आहे. मासाहिरो मोरी या अभियंत्याच्या कल्पनेतून तिथल्या एनएचके वाहिनीनं १९८८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी रोबोंची स्पर्धा सुरू केली. २००२ मध्ये टोकियोत तिचा आशियाई अवतार आला आणि पहिलंच विजेतेपद व्हिएतनामनं नेलं. यजमान देश आपल्या मातीतला विषय देतो, हा तिचा सगळ्यात लोभस नियम. २००८ मध्ये पुण्यात ती भरली तेव्हा विषय होता गोविंदा! भारताचा संघ दूरदर्शनच्या राष्ट्रीय स्पर्धेतून निवडला जातो. ती अनेक वर्षं पुण्यातल्या बालेवाडीत होत असे. अलीकडे दिल्लीला गेली.

नियमपुस्तिका हाती पडली की महाविद्यालयांच्या कार्यशाळांमध्ये हंगाम सुरू होतो. पहिले दिवस निव्वळ वादावादीचे. चेंडू फेकायचा कसा? स्प्रिंगनं, हवेच्या दाबानं की दोन फिरत्या चाकांच्या फटीतून? मग संगणकावर आराखडा, ॲल्युमिनियमचे सेक्शन, लेझर कटिंग, ओळखीच्या वर्कशॉपवाल्याला ‘काका, आजच द्या ना’ अशी गळ. दाबाखालची हवा साठवायला बरेच संघ चक्क शीतपेयांच्या रिकाम्या बाटल्या वापरतात, कारण त्या हलक्या असतात आणि यंत्राच्या वजनाला मर्यादा असते. मध्येच इन-सेम परीक्षा येते, सबमिशन येतं आणि निम्मा संघ गायब होतो.

बाहेरच्याला वाटतं, रोबो उभा राहिला की काम फत्ते. खरं तर त्या दिवशी काम सुरू होतं, आणि बहुतेक संघ इथेच मार खातात: रोबो बनवण्यातच सगळा वेळ जातो, चालवायला उरतच नाही.

फिरत्या चाकांच्या फेकयंत्राचंच घ्या. दोन चाकं उलट दिशांनी गरगरतात, मधून चेंडू सुटतो. दुपारी दहापैकी नऊ चेंडू लगोरीवर. संध्याकाळी तेच यंत्र, तीच जागा, तोच कोन, आणि चेंडू अलीकडेच पडतो. पोरं आधी सांगाड्यावर संशय घेतात, मग प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. चोर निघतो बॅटरी. ती उतरत जाते तसा व्होल्टेज घटतो, मोटरचा वेग मंदावतो आणि चेंडूचा पल्ला कमी होतो. त्यावर उपाय म्हणजे चाकाच्या आसाला एन्कोडर लावायचा. तो प्रत्यक्ष वेग मोजतो. प्रोग्राम तो हव्या असलेल्या वेगाशी ताडून पाहतो आणि कमी पडेल तितकी वीज वाढवतो. पण किती वाढवायची? जास्त झाली तर वेग वर-खाली हेलकावे खात राहतो, कमी झाली तर पुढचा चेंडू येईपर्यंत चाक सावरतच नाही. कारण प्रत्येक चेंडू जाताना चाकाचा थोडा वेग खातो. हे आकडे बसवण्याला पोरं ‘ट्यूनिंग’ म्हणतात. गणितानं अंदाज येतो. नेमका आकडा चेंडू फेकून फेकूनच सापडतो. तोवर चाकावरचं रबर झिजतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा खलनायक म्हणजे वायरिंग. टेबलावर गुणी बाळासारखं चालणारं सर्किट रोबो पळू लागला की हादऱ्यानं एखादा कनेक्टर सोडतं. म्हणून जाणते सीनियर ज्युनियरांना आधी सोल्डरिंग नीट शिकवतात आणि प्रत्येक वायरला नावाची चिठ्ठी लावायला लावतात. कंटाळवाणं काम; पण पिटमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या दुरुस्तीच्या जागेत, बिघाड शोधायला मिनिटंच मिळतात तेव्हा त्या चिठ्ठीची किंमत कळते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा रुबाब जास्त असतो, पण माझं मत विचाराल तर सामना बहुधा वायरिंगवाला वाचवतो.

मैदानावर उतरल्यावर जुळवाजुळवीला एक मिनिट, सामना साधारण तीन मिनिटांचा. काही अडलं तर ‘रिट्राय’ मागून रोबो पुन्हा सुरुवातीच्या जागी आणता येतो, पण घड्याळ थांबत नाही. कधी मागायचा, कोण ओरडणार, कोण यंत्र उचलणार, हेही सरावात ठरतं. त्यासाठी संघ प्लायवूडचं नकली मैदान उभारतात. तरीही सरावाच्या जागेतलं ऊन किंवा ट्यूबलाइट आणि स्टेडियमचे झगझगीत दिवे यांत फरक पडतोच. जमिनीवरची पांढरी रेघ ओळखणारे सेन्सर स्टेडियममध्ये गोंधळतात. त्यांना नव्या उजेडाशी जुळवून घेणं हे तिथे पोचल्यावरचं पहिलं काम.

स्पर्धा बालेवाडीत होती तेव्हा पुण्यातल्या संघांना टेम्पोवर भागत होतं. दिल्लीसाठी रोबो खोलून पेट्यांत भरावा लागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात काही संघ रोबो चालवण्याइतकाच त्याला खोलून जोडण्याचाही सराव करतात. घड्याळ लावून. कुठला स्क्रू कुठल्या पिशवीत, हे पिशवीवर मार्करनं लिहून.