जागा सोडणारे सज्जे : डॅलसचे वायली नाट्यगृह

टेक्सासमधील डॅलस शहरात ऑक्टोबर २००९ मध्ये खुले झालेले डी अँड चार्ल्स वायली नाट्यगृह रेम कूलहास आणि जोशुआ प्रिन्स-रामस या वास्तुरचनाकारांनी आखले असून, सुमारे ५७५ आसनांच्या या प्रेक्षागृहात रंगमंच कोठे असावा हे वास्तूने नव्हे, तर त्या त्या नाटकाच्या दिग्दर्शकाने ठरवावे, अशी त्यामागची भूमिका आहे. कल्पना जुनीच आहे. वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियसने नाट्यदिग्दर्शक एर्विन पिस्काटोरसाठी १९२७ मध्ये केलेल्या आराखड्यात प्रेक्षकांसकट जमिनीचा एक भाग फिरवून मंचाची मांडणी बदलण्याची सोय होती, मात्र ते नाट्यगृह कधी उभे राहिले नाही.

वायलीचा खरा पूर्वज डॅलसमध्येच होता. वायली जिच्यासाठी उभारले गेले त्या डॅलस थिएटर सेंटर या नाट्यसंस्थेचे फ्रँक लॉइड राइटने आखलेले १९५९ चे नाट्यगृह देखणे असले, तरी त्याचा मंच आपला आकार सोडत नसे. त्यामुळे १९८४ मध्ये नेपथ्यकार यूजीन ली याच्या कल्पनेतून पत्र्याची एक तात्पुरती शेड उभारण्यात आली. कमानीच्या चौकटीतून दिसणारा मंच, तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला पुढे आलेला मंच, चहूबाजूंनी वेढलेले रिंगण, अशी हवी ती मांडणी तेथे करता येई, आणि शेडमधली जमीन स्वस्त साहित्याची असल्यामुळे तिला भोके पाडण्यास किंवा रंग फासण्यास कोणी हरकत घेत नसे. १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात चालवलेल्या प्रायोगिक नाटकांच्या उपक्रमाशी या शेडचे नाते मराठी वाचकाला सहज ओळखू येईल, कारण दोन्हीकडे मोकळीक मिळाली ती जागेच्या साधेपणातून. पुढे मात्र प्रत्येक बदलासाठी लागणाऱ्या मजुरीचा खर्च संस्थेला झेपेना, आणि कमानीचा मंच व पुढे आलेला मंच यांच्या मधली एक तडजोडीची मांडणी तेथे कायमची होऊन बसली.

वायलीची सारी रचना हे या अनुभवाला दिलेले उत्तर आहे. सामान्यतः प्रेक्षकांचे प्रवेशदालन प्रेक्षागृहाच्या पुढे आणि रंगभूषेच्या खोल्या, पोशाखविभाग व तालीमखोल्या मागे असतात. येथे दालन जमिनीखाली गेले, बाकीचा पसारा वरच्या मजल्यांवर चढला आणि बारा मजली उभ्या इमारतीत रस्त्याच्या पातळीवरचे प्रेक्षागृह चारही बाजूंनी मोकळे झाले. त्याच्या भिंती काचेच्या असल्याने दिग्दर्शकाने ठरवल्यास शहर नाटकाची पार्श्वभूमी होऊ शकते, किंवा प्रेक्षकांना दालन टाळून थेट रस्त्यावरून आत घेता येते. सर्वांत विलक्षण आहेत ते सज्जे. पडदे व नेपथ्य ज्या उंच पोकळीत ओढून घेतले जातात, त्याच पोकळीत येथे आसनांसकट सज्जेही वर जातात, तर जमिनीचे काही भाग खाली उतरतात. क्रीडागारातील अवजड धावफलक उचलणाऱ्या यंत्रणेचे तंत्र त्यासाठी उसने घेतले आहे. मोजक्या कामगारांनी काही तासांत मांडणी बदलावी, म्हणजे मजुरीचा प्रश्नच उरणार नाही, असा हिशेब होता.

हिशेबाची अडचण अशी की मजुरी वाचवणारे यंत्र स्वतःच एक खर्च असते. माणसांच्या वर लोंबणारे टनावारी वजन नियमित तपासावे लागते, ते हलवणारे कामगार प्रशिक्षित असावे लागतात आणि सुटे भाग कालांतराने दुर्मिळ होतात. सज्जे तासाभरात हलले, तरी दिवे नव्याने टांगणे, ध्वनियोजना पुन्हा जुळवणे, बाहेर जाण्याचे मार्ग तपासणे ही कामे उरतातच. शिवाय मांडणीगणिक आसनसंख्या बदलत असल्यामुळे तिकीटविक्रीचे गणितही दर वेळी नव्याने मांडावे लागते. उभ्या रचनेचीही किंमत आहे, कारण नट, पोशाख आणि तंत्रज्ञ यांची ये-जा जिने आणि उद्वाहकांवर अवलंबून राहते. परिणामी हंगामाचे अंदाजपत्रक आखणाऱ्याला एकच मांडणी सर्व नाटकांना वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, म्हणजे शेडचे जे झाले तेच येथेही होऊ शकते. नगरपालिकेच्या मालकीच्या इमारतीत तर बांधकामासाठी देणग्या मिळतात, पण मोटारी आणि तारदोरांच्या देखभालीला आपले नाव देण्यास सहसा कोणी पुढे येत नाही.

म्हणून वायलीचे सर्वांत टिकाऊ यश या सज्ज्यांत शोधू नये. मौल्यवान म्हणून जपावी लागणार नाही, जिला बेधडक खिळा ठोकता येईल, अशी जमीन शेडच्या धर्तीवर नव्या इमारतीत आवर्जून घेतली गेली. ती चालवायला वीज लागत नाही, आणि नाटकवाल्यांच्या दृष्टीने या वास्तूतील सर्वांत लवचीक गोष्ट तीच आहे.