यादी लागण्याच्या आधी

जुलै-ऑगस्टमध्ये फोन वाजला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, नंबर लागला का?" मी लातूर जिल्ह्यात अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत सुविधा केंद्रावर बसते. यादीच्या दिवशी मुलं दुपारपासून लॉगइन उघडून बसतात. कित्येकदा रात्र होते, संकेतस्थळ उघडत नाही, आणि घरात कुणी धड जेवत नाही. पण त्या रात्री कळतो तो फक्त निकाल. तो ठरलेला असतो काही दिवस आधी, पर्याय भरताना, आणि त्या कामाला मात्र बरीच घरं जेमतेम अर्धा तास देतात.

महाराष्ट्रात हे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून होतात. परीक्षा उन्हाळ्यात होते आणि निकाल लागल्यावर नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी अशा पायऱ्या येतात. जात पडताळणीची नुसती पावती जोडून निर्धास्त राहू नका. मूळ प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो.

त्यानंतर पसंतिक्रम भरायचा असतो. संगणक गुणवत्ता क्रमांकानुसार एकेकाचा अर्ज घेतो आणि त्याच्या वेळी शिल्लक असलेला, त्याने सर्वांत वर लिहिलेला पर्याय देतो. त्यामुळे सीओईपी किंवा व्हीजेटीआयसारखं नावाजलेलं कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं कॉलेज हातचं जात नाही. "मोठं नाव टाकलं तर संधी वाया जाईल" ही भीती मी दरवर्षी ऐकते, आणि ती निराधार आहे.

खरा धोका वेगळाच आहे. 2025-26 मध्ये जागावाटपाच्या चार फेऱ्या झाल्या आणि बंधनं कडक झाली. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पर्यायांपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, की जागा आपोआप 'फ्रीझ' होते. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडायचं. औशाकडच्या एका मुलीला सिव्हिल हवं होतं. मामांच्या आग्रहाने वडिलांनी पुण्याच्या एका कॉलेजची संगणक शाखा तिसऱ्या क्रमांकावर टाकली, "असू दे, कुठं मिळणार आहे!" म्हणत. दुसऱ्या फेरीत नेमकी तीच मिळाली. ती माझ्यासमोर बसून विचारत होती, "मॅडम, आता बदलता येईल का?" येत नव्हतं. नको असलेली जागा वरच्या ओळींत लिहायचीच नसते, हे त्या घराला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

जागा फ्रीझ झाली नसेल, तर 1000 रुपये भरून ती स्वीकारता येते आणि 'बेटरमेंट'साठी थांबता येतं. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की जुनी जागा सुटते आणि दुसऱ्याला जाते, परत मागता येत नाही. वरचं काही मिळालं नाही, तर जुनी जागा राहते. म्हणून मिळालेल्या जागेपेक्षा खरोखर जास्त आवडेल तेच तिच्या वर असावं. मुदतीत स्वीकृती न देणाऱ्याची जागा जाते. यादी पाहून आनंदाने पेढे वाटले आणि पैसे भरायचेच राहिले, असंही घडतं.

नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. पासवर्ड नेटकॅफेवाल्याकडे ठेवू नका. आणि पर्याय भरायला बसाल तेव्हा पहिले सहा पर्याय तुमच्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या हाताने कागदावर लिहू द्या.